दोनशे बारावं पत्रक

घर सुखी आहे की नाही, हे त्या घरात राहणाऱ्यांना कळू शकत नाही. त्यासाठी पत्रक लागतं. पत्रकाशिवाय भोगलेलं सुख हे तोंडी सुख असतं आणि तोंडी गोष्टींना कार्यालयात किंमत नाही, हे मी सावली तालुक्यातल्या एका शाळेत एकोणीस वर्षं लिपिकी केल्यावर खात्रीने सांगू शकतो. माझ्या टेबलावरून आजवर हात धुणे, वृक्षप्रेम, पाणीबचत आणि 'मुलांवरील कागदी ताण कमी करणे' (पाच प्रतींत) अशी असंख्य पत्रकं रवाना झाली. पण गेल्या जानेवारीतल्या पत्रकाची सर कशालाच नाही.

आमचे मुख्याध्यापक देवानंद सर दूरदृष्टीचे गृहस्थ आहेत. (जवळचं त्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही.) कुटुंबं आनंदी झाल्याशिवाय विद्यार्थी आनंदी होणार नाहीत आणि विद्यार्थी आनंदी झाल्याशिवाय तालुक्याचा 'आनंदी शाळा' पुरस्कार मिळणार नाही, हे त्यांनी ओळखलं आणि 'आनंदी कुटुंब पंधरवडा' जाहीर केला. आता प्रश्न असा की कुटुंबं तपासायची कोणी? शिक्षकांना गणना, याद्या आणि प्रशिक्षणं यांतून शिकवायलाच वेळ मिळत नाही, तर तपासायला कुठून मिळणार. मुलं मात्र रोज न चुकता घरी जातात. तिथे जेवतात, झोपतात आणि प्रवासभत्ता मागत नाहीत. तेव्हा पहिली ते सातवीच्या दोनशे बारा विद्यार्थ्यांची 'कुटुंब निरीक्षक' म्हणून नेमणूक झाली. पिनने लावायचे बिल्ले मी स्वतः कापले.

पत्रकात दहा रकाने होते. पालक वेळेवर उठतात का, घरात हसतमुख वातावरण असते का, पालक निर्व्यसनी आहेत का, खरे बोलतात का, घरकामात दोघांचा वाटा समान असतो का, असं करत करत दहाव्या रकान्यात 'आपणांस पालकांचा अभिमान का वाटतो?' प्रत्येक रकान्यापुढे 'उत्तम', 'समाधानकारक' आणि 'सुधारणेस वाव' हे तीन पर्याय. त्याखाली 'उदाहरण लिहा' अशी एक रिकामी ओळ. ही ओळ माझी चूक. जुन्या नमुन्यातून पुसायची राहून गेली होती. सूचना क्रमांक तीन अशी होती की, निरीक्षण गुप्त ठेवावे आणि निरीक्षकाने कोणाच्याही दबावाला बळी पडू नये. ही सूचना फक्त शोभेसाठी होती, पण तसं कुठे लिहिलेलं नव्हतं.

पंधरवडा संपला. दोनशे बारा पत्रकं आली. त्यातल्या दोनशे अकरा पत्रकांत दहाच्या दहा रकाने 'उत्तम' होते. पहिलीच्या ज्या मुलांना अजून 'ळ' नीट काढता येत नाही, त्यांनी 'सौहार्दपूर्ण' हा शब्द एकही चूक न करता लिहिला होता. सहा वर्षांच्या एका बालकाचं अक्षर तर थेट त्याच्या वडिलांच्या वळणाचं निघालं. (अक्षर आनुवंशिक असतं.) सरांनी गठ्ठा हातात तोलला आणि समाधानाने म्हणाले, "मन्सूरबाबू, आपलं गाव एवढं सुखी आहे, हे आपल्याला माहीतच नव्हतं."

मग मी त्यांच्यापुढे दोनशे बारावं पत्रक ठेवलं.

ते चौथीच्या रोशनी खुशाल दिघोरे हिचं होतं. रोशनी नऊ वर्षांची. दोन वेण्या, पुढचा एक दात अर्धा आलेला. बाप खुशाल तलावात मासे मारतो आणि बाजारच्या दिवशी विकतो, आई कुंता रोवणी-कापणीला जाते. या मुलीत तोपर्यंत काहीही दोष आढळलेला नव्हता. तिने पत्रक स्वतः भरलं होतं. सगळं. रिकाम्या ओळी पुरल्या नाहीत म्हणून समासात आणि मागच्या बाजूला. मागे जागा उरली तिथे एक मरळ मासा काढला होता.

सरांनी पहिला रकाना वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. मग म्हणाले, "हिच्या घरी जा. एक कोरं पत्रक न्या. पोरीकडून चूक झाली आहे, ती दुरुस्त करून आणा. दबाव आणू नका, फक्त समोर बसून राहा."

शनिवारी दुपारी मी गेलो. खुशालभाऊ अंगणात फेकजाळं पसरून जाळ्याचे तुटलेले डोळे विणत बसला होता. कुंताबाई धान पाखडत होत्या. रोशनी बिल्ला लावून पायरीवर होती. पंधरवडा संपून तीन दिवस झाले होते, पण बिल्ला परत घेण्याची तरतूद योजनेत नव्हती.

मी येण्याचं कारण सांगितलं. खुशालभाऊचा हात थांबला.

"म्हणजे ते कागद भरून देल्लं इनं? आमाले तर पाहू बी देल्लं नाई जी. गुप्त हाय म्हणे."

"काय लिवलं वं तू?" कुंताबाईंनी सूप खाली ठेवलं. "वाचा बरं बाबू. आमच्याच घरचं हाय, आमाले तर कळू द्या."

नियमाप्रमाणे पत्रक संबंधितांना वाचून दाखवायला हरकत नव्हती. (मनाईही नव्हती.) मी वाचायला घेतलं.

"रकाना तीन. पालक निर्व्यसनी आहेत का? सुधारणेस वाव. उदाहरण : बाबा दिवसाला सात खर्रे खातात. रविवारी आठ. आईला दोन सांगतात."

कुंताबाईंनी खुशालकडे पाहिलं. खर्रा म्हणजे काय, हे आमच्या भागात सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी एवढंच की सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून होतो तो, आणि तो घोटण्यात आमच्या अख्ख्या जिल्ह्याचे जितके मनुष्यतास जातात तितक्यात एक धरण बांधून झालं असतं.

"दोन म्हन्ता ना मले?" कुंताबाई म्हणाल्या. "दोन! मी बी म्हणते, पन्न्या सात कशा निघतेत खिशातून. मले वाटे, वाऱ्यानं येतेत."

"पुढचं वाचा जी," खुशालभाऊ घाईने म्हणाला.

"पाच जानेवारी. बाबांनी चिवड्याचं पाकीट आणलं आणि म्हणाले, साताच्या जागी दोन लिही. चिवडा मी खाल्ला. सात लिहिले."

आता कुंताबाई पदर तोंडाला लावून हसू लागल्या. पण निरीक्षण निःपक्षपाती असतं. "रकाना चार. पालक खरे बोलतात का? सुधारणेस वाव. उदाहरण एक : आईने शाळेत अर्ज दिला की मला ताप आहे. मला ताप नव्हता. आम्ही मामाच्या लग्नात होतो. मी नाचले."

हसू थांबलं. तो अर्ज मीच आवक नोंदवहीत चढवला होता आणि तिच्या वर्गशिक्षिका रूपाली मॅडमनी त्यावर 'लवकर बरी हो' असं लाल शाईने लिहिलं होतं. मी घसा खाकरून जाळ्याकडे पाहिलं.

"उदाहरण दोन : बाबा म्हणाले, तलावाच्या पाळीवर सुकलूकाकाच्या पानठेल्याकडे येऊ नको, तिथे वाघ आहे. मी गेले. वाघ नव्हता. बाबा होते."

खुशालभाऊने मान खाली घातली. विणायची सुई त्याने दोनदा चुकीच्या डोळ्यातून काढली.

"रकाना पाच. घरकामात दोघांचा वाटा समान असतो का? इथे पर्यायावर खूण नाही. उदाहरण : आई कापणीहून आली आणि तिचं अंग दुखत होतं. ती निजल्यावर बाबांनी काय केलं ते कोणाला सांगू नको असं बाबा म्हणाले आहेत, म्हणून लिहीत नाही. पण भांडी स्वच्छ निघाली."

कुंताबाईंनी सूप उचललं आणि तसंच पुन्हा खाली ठेवलं. मग हळूच म्हणाल्या, "मी तर म्हटलं शेजारची बुधरी घासून गेली."

"बुधरीच असन," खुशालभाऊ म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. पाळीवरच्या माणसांत ही बातमी गेली तर त्याला किती दिवस तोंड लपवावं लागेल, याचा तो बहुधा हिशेब करत होता.

मी मधले रकाने भराभर वाचले. (रकाना सात, 'मतभेद संवादातून मिटवतात का?' – "आधी ताट आदळतात. मग संवाद.") शेवटी दहावा आला. किमान तीन ओळी अपेक्षित होत्या. दोनशे अकरा पत्रकांत 'माझे पालक माझे आदर्श व प्रेरणास्थान असून' अशी एकच सुरुवात होती. रोशनीने लिहिलं होतं : "बाबा डोंग्यावर उभे राहून जाळं फेकतात तेव्हा ते पाण्यावर गोल पडतं. बाकी कोणाचं गोल पडत नाही, लांबट पडतं. मी पाळीवर बसून पाहिलं आहे. बाबांचं एकवीस वेळा गोल पडलं. एकदा लांबट पडलं, पण तेव्हा त्यांना शिंक आली होती."

मी कोरं पत्रक काढून पायरीवर ठेवलं आणि रोशनीला म्हणालो, "बेटा, हे नवीन भर. सगळीकडे 'उत्तम' लिहायचं. बाकी काही नाही."

"पहिल्यात काय चुकलं जी सर?"

"चुकलं काही नाही."

"मंग?"

मी सूचना चाळल्या. तिने पेन्सिल घेतली, चौथ्या रकान्यापाशी अडली. "सर, 'पालक खरे बोलतात का' याच्यात उत्तम लिवलं तर ते खोटं होते. मंग ते खोटं बाबाचं धरा लागन का माह्यं?"

याबाबत मार्गदर्शक सूचनांत खुलासा नाही, असं मी म्हणालो.

खुशालभाऊने जाळं बाजूला सारलं, कोरं पत्रक उचललं आणि घडी करून माझ्या हातात दिलं. "राहू द्या बाबू. लिवलं ते लिवलं. सात खातो तर सात खातो. सरायले सांगा, दिघोऱ्याच्या घरी वाव हाय म्हणून."

मी तसा अहवाल दिला. सर म्हणाले, "ठीक आहे, ते पत्रक कपाटात ठेवून द्या." पण इथे माझी कार्यतत्परता आड आली. दोन वर्षांपूर्वी गावाच्या शिवारात वाघ दिसला, तेव्हापासून आम्हाला कायम सूचना आहे की विद्यार्थ्याच्या कोणत्याही लेखनात वाघाचा उल्लेख आढळल्यास त्याची प्रत चोवीस तासांत वनरक्षकाकडे जावी. 'वाघ होता' आणि 'वाघ नव्हता' असा भेद सूचनेत केलेला नाही. मी प्रत पहिल्याच दिवशी पाठवली होती.

वनरक्षक हाही कार्यतत्पर निघाला. त्याने स्थळ म्हणून 'सुकलूचा पानठेला' असं वाचलं आणि ठेल्यासमोरच्या पळसाला, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर, वाघ टिपण्याचा स्वयंचलित कॅमेरा बांधला. पुढे काही हललं की फोटो निघतो. पाच दिवस कॅमेरा तिथे होता. याची कल्पना कोणालाही नव्हती. (वाघालाही नसते.)

इथे हे सांगणं आवश्यक आहे की सुकलूचा ठेला शाळेपासून कायद्याने ठरलेल्या अंतराच्या तीन पावलं बाहेर आहे. हे अंतर देवानंद सरांनी स्वतः चालत मोजलं होतं. पावलं शेवटी शेवटी जरा लहान पडली. शाळेच्या दाराशी 'तंबाखूमुक्त शाळा' अशी पाटी असून तिच्या उद्घाटनाला सरांनी पाऊण तास भाषण केलं होतं.

सहाव्या दिवशी वनरक्षक फोटो घेऊन कार्यालयात आला. माहितीदार म्हणून रोशनीला वर्गातून बोलावलं गेलं आणि वाघाचा मूळ उल्लेख करणारे म्हणून खुशालभाऊला तलावावरून. तो ओल्या पायांनीच आला. सरांच्या संगणकावर फोटो लागले. एकूण तीनशे अठरा. गोषवारा मी लिहून घेतला, तो असा : कुत्री एक्केचाळीस, गाई सतरा, रानडुक्कर दोन, वाघ निरंक, खुशाल दिघोरे तेवीस, देवानंद सर एकोणीस, प्रस्तुत लेखक नऊ (सर्व वेळा कार्यालयीन कामानिमित्त), इतर ग्रामस्थ दोनशे सात.

सरांचा सर्वांत स्पष्ट फोटो मंगळवारचा, सकाळी अकरा वीसचा होता. त्या वेळी पाचवीला त्यांचा मूल्यशिक्षणाचा तास असतो. फोटोत ते वाकून थेट कॅमेऱ्याकडे पाहत होते, बहुधा खाली पडलेली पन्नी उचलायला. गाल फुगलेला होता.

"हा मी नव्हे," सर म्हणाले. "उजेडाचा परिणाम आहे."

"सर, कॅमेरा लय भारी हाय," वनरक्षक आदराने म्हणाला. "वाघाच्या मिशा मोजून देते तो."

रोशनी पडद्याकडे पाहत ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजत होती. सरांच्या कपाळावर घाम आला. एकोणीस फोटो, एक वनरक्षक, आणि पुरस्कार समिती सोमवारी येणार. माझी नऊ छायाचित्रं मला आठवत होती, म्हणून मी वहीतून डोकं वर काढलं नाही.

अशा वेळी खुशालभाऊ बोलला.

"सर अंतर मोजाले येत असतीन जी. शाळेपासून ठेला किती लंबा हाय, ते. मी पाह्यलं ना सरायले, पावलं मोजून राह्यले होते."

"अगदी बरोबर!" सर खुर्चीतून उठले. "मन्सूरबाबू, इतिवृत्तात घ्या. मुख्याध्यापकांनी पाच दिवसांत एकोणीस वेळा अंतराची प्रत्यक्ष तपासणी केली." मी घेतलं. पुढे ही नोंद समितीने विशेष कौतुकास्पद ठरवली.

खुशालभाऊ आणि रोशनी बाहेर पडले. खिडकीतून मला त्यांचं बोलणं ऐकू आलं.

"बाबा, ते खोटं होतं ना?"

"हो वं."

"मंग काऊन बोललात?"

खुशालभाऊने ओले पाय पायरीवर पुसले. मग म्हणाला, "तो मानूस सगळ्यायसमोर उघडा पडून राह्यला होता बाई. आन् तुहा पंधरवडा बी संपला ना."

रोशनीने बिल्ल्याकडे पाहिलं. तो काढून खिशात ठेवला आणि वर्गात गेली.

पुरस्कार आम्हालाच मिळाला. दोनशे अकरापैकी दोनशे अकरा कुटुंबं उत्तम, म्हणजे शंभर टक्के. दोनशे बारावं पत्रक मागे मासा असल्यामुळे चित्रकला विभागात वर्ग करण्यात आलं. फोटो वनविभागाकडून परत मागवण्यात आले आणि गोपनीय ठरले. सरांनी आता ठेला बदलला आहे.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात खुशालभाऊ कार्यालयात आला. दारातच उभा राहिला.

"बाबू, पोट्टीचं ते कागद भेटन का जी?"

"कशाला हवं?"

"असंच." तो चौकटीचा रंग नखाने खरवडत राहिला. "तिनं पंधरा दिवस मले पाह्यलं. शिंक आली ते बी पाह्यलं. एवढं कोणं नाई पाह्यलं जी मले. माह्या मायले तर सहा लेकरं होती, तिले कुठी टाईम."

मूळ कागद देण्याची तरतूद नाही. मी चित्रकलेच्या नोंदवहीत 'गहाळ' असा शेरा मारला आणि पत्रक त्याला दिलं. त्याने खिशातून खर्ऱ्याची पन्नी काढली, झटकून रिकामी केली, कागदाची बारीक घडी करून तीत ठेवली, म्हणजे डोंग्यावर भिजू नये. "आता पाच खातो," जाताना तो म्हणाला. "मोजते ते अजून."

त्या संध्याकाळी घरी गेलो तेव्हा माझ्या डोक्यात तोच कागद होता. माझी मुलगी रूही याच शाळेत सहावीत आहे. तिचं पत्रक अर्थातच मी भरलं होतं, सर्वांत आधी, कारण बाकीच्या पालकांना उतरवायला नमुना हवा होता. माझी बायको शमसुन्निसा स्वयंपाकघरात होती. रूही अभ्यास करत होती. मी एक शिल्लक पत्रक तिच्यापुढे ठेवलं आणि म्हणालो, "हे तू भर. खरं खरं. मी रागावणार नाही."

"शाळेत द्यायचं आहे?"

"नाही. मला वाचायचं आहे."

तिने माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेने पाहिलं. मी हातपाय धुवायला गेलो. रोशनीला पंधरा दिवस लागले होते, रूहीला रात्रभर तरी लागेल असा माझा अंदाज होता. टॉवेल घेऊन परत आलो तर पत्रक माझ्या खुर्चीवर भरून तयार होतं. दहाच्या दहा रकाने 'उत्तम'. उदाहरणांच्या ओळी कोऱ्या. दहाव्या रकान्यात 'माझे पालक माझे आदर्श व प्रेरणास्थान असून' हे माझंच वाक्य, स्वल्पविरामासकट.

आणि तळाला माझी सही. पहिल्या अक्षराचा वळसा, शेवटची झोकदार रेघ, खाली दोन ठिपके. एकोणीस वर्षं मी ती करतो आहे, मलाही फरक सापडला नाही.

"ही कोणी केली?"

"मीच," रूही वहीतून मान वर न काढता म्हणाली. "तिसरीपासून मीच करते, अब्बू. तुम्ही कामात असता ना."

मी तिची चारही वर्षांची प्रगतिपुस्तकं काढून तपासली. सर्व सह्या व्यवस्थित आहेत. वाचकांनीही, सवड असेल तर, घरातल्या प्रगतिपुस्तकावरची आपली सही एकदा पाहून घ्यावी. ती तुमचीच असेल, याबद्दल तुम्हाला शंका नसणारच. मलाही नव्हती.